माया, अंतर आणि हिशेब

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीच्या आगेमागे चंद्रपूर जिल्ह्यातून दोन तऱ्हेच्या बातम्या येत होत्या. पावसाळ्यात बंद असलेले ताडोबाचे गाभाक्षेत्र महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा खुले झाले होते आणि सुटीत मुलाबाळांना वाघ दाखवायला निघालेली कुटुंबे तिकडे जात होती. वाघ दिसला म्हणजे सुटी सार्थकी लागली, अशी ती आनंदाची बातमी. दुसरी बातमी त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या गोंडपिपरी तालुक्यातली. चेकपिपरी आणि गणेशपिपरी या परिसरात थोड्याच दिवसांच्या अंतराने वाघाच्या हल्ल्यात माणसे गेली. धान कापणीला आलेला, आणि शेतात जायची सोय नाही. लोक रस्त्यावर उतरले, वाहतूक रोखून धरली, वाघाला पकडा म्हणून अडून बसले.

जिल्हा एक, प्राणीही एकच. एकीकडे त्याला पाहण्यासाठी माणसे पैसे मोजतात, दुसरीकडे तो दिसू नये म्हणून देवाला नारळ बोलतात. अशा तालुक्याविषयी लिहिताना प्राण्यांच्या सहवासातल्या आनंदाचा विषय काढावा का, असा प्रश्न कोणालाही पडेल. मला वाटते, काढावा. कारण प्राण्यांवर प्रेम करायला शहरात शिकवावे लागते, गोंडपिपरीत ते शिकवावे लागत नाही. आणि ते प्रेम कशावर टिकते व कशाने आटते, हे तिथे जितके स्पष्ट दिसते तितके शहरातल्या गॅलरीत बसून दिसत नाही.

गोंडपिपरी ताडोबाच्या हद्दीत येत नाही, हे आधी सांगायला हवे. चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी मागे टाकत आष्टी-अहेरीकडे जाणारा रस्ता या गावातून जातो. तालुक्याच्या एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा. दोघींचा संगम होऊन पुढे प्राणहिता वाहते. संगमाजवळ गडचिरोली जिल्ह्यात चपराळा अभयारण्य आहे, ते १९८६ पासूनचे. इकडे गोंडपिपरी आणि लगतच्या तालुक्यांतल्या जंगलात २०२१ मध्ये कन्हारगाव अभयारण्य झाले, क्षेत्र सुमारे २६९ चौरस किलोमीटर. त्याआधी हे जंगल वनविकास महामंडळाकडे होते आणि साग हे तिथले मुख्य उत्पन्न होते. या दोन अभयारण्यांच्या मध्ये गावे, धानाच्या बांध्या, कापूस, बोड्या आणि झुडपी जंगलाचे तुकडे. दोन वर्षांचा झालेला वाघाचा बच्चा आईपासून वेगळा होतो आणि स्वतःचा मुलूख शोधायला निघतो. ताडोबातून दक्षिणेला तेलंगणातल्या कवाल व्याघ्र प्रकल्पाकडे जाणारी त्याची वाट याच तुकड्यांतून जाते. त्याला सातबारा वाचता येत नाही. ज्याला आपण शेत म्हणतो, त्याला तो जंगलाचा पुढचा तुकडा समजतो.

दारातली जनावरे

मी बँकेत अधिकारी होतो आणि नोकरीची काही वर्षे या पट्ट्यातल्या शाखांत काढली. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. २ ऑक्टोबर १९८० पासून तो देशभर लागू झाला आणि १९९९ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाला. दुभती म्हैस, बैलजोडी, शेळ्यांचा गट, यांसाठी कर्ज आणि अनुदान. आमच्या फायलीत शेळीचे वर्णन असे : रंग तांबडा, शिंगे मागे वळलेली, वय दीड वर्ष, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक अमुक. कर्जवसुलीसाठी घरी गेलो की तीच शेळी खाटेखाली बसलेली असे आणि घरातली मुलगी तिला नावाने हाक मारत असे. त्या घराला ती शेळी म्हणजे मालमत्ता होती आणि घरातले माणूसही होती. वेळ आली की ती बाजारात जाई, त्या दिवशी मुलगी जेवत नसे, आणि चार दिवसांनी नव्या करडाचे नाव ठेवले जाई.

शहरी मनाला यात विसंगती वाटते. ज्याच्यावर माया करायची त्याला विकायचे कसे? पण शेतकऱ्याच्या घरात माया आणि उपयोग यांची फारकत कधी झालीच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे रीतसर आमंत्रण देतात. वर्षभर जो जू ओढतो, त्याला एक दिवस पाहुण्याचा मान. त्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. लहान मुले चाकांचा लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, बोजारा गोळा करतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हा सण कदाचित माहीत नसेल. लहान मुलाला जनावराचे उपकार मानायला शिकवण्याची याहून गोड रीत मला तरी ठाऊक नाही.

माया करताना ज्ञान नसेल तर मात्र घात होतो. त्याचे उदाहरण गिधाडांचे. आजारी बैलाच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफिनॅक हे औषध देत. तो बैल दगावला की गावाबाहेर टाकत, गिधाडे तो खात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. देणाऱ्याच्या मनात पाप नव्हते. १९९० नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोर येथील प्रजनन केंद्रातून दहा गिधाडे ताडोबात आणावी लागली. फुकटात गाव साफ ठेवणारा पक्षी आता विमानाच्या काळजीने जपावा लागतो.

कुत्र्याचेही तसेच. गोंडपिपरीच्या शेतात कुत्रा हा जागलीचा सोबती. रानडुक्कर धानात शिरले की पहिला तो भुंकतो. पण हाच कुत्रा लस न टोचता रानात फिरला, तर रेबीज आणि डिस्टेंपर असे रोग रानातल्या जनावरांपर्यंत नेऊ शकतो. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यामागच्या कारणांत डिस्टेंपरचा विषाणू निघाला होता. भटक्या कुत्र्यांवरून ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजलेले प्रकरण दिल्लीचे होते. आधी सगळी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश झाला, मग अकरा दिवसांनी निर्बीजीकरण व लसीकरण करून ती मूळ जागी सोडावीत अशी दुरुस्ती झाली. देशभर दोन तट पडले. गावात तट पडत नाहीत, कारण तिथे कुत्रा कोणाचा हे सर्वांना ठाऊक असते. प्रश्न लसीचा आहे, आणि लस घेऊन येणारा माणूस तालुक्याच्या शेवटच्या गावापर्यंत पोहोचतो की नाही, याचा.

परसातले पाहुणे

घर आणि रान यांच्यामध्ये परस असते. खरी मौज तिथे आहे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे, कुंपणातून धावणारे मुंगूस, गुरांच्या पाठीवर बसून येणारा बगळा, मोहाच्या फांदीत दडलेला हळद्या, भाताच्या तणसात उंदरांमागे फिरणारी धामण. धामण ही शेतकऱ्याची बिनपगारी राखणदार आहे आणि तरी दरवर्षी कितीतरी धामणी केवळ साप म्हणून मारल्या जातात. विषारी आणि बिनविषारी ओळखता येणे, हे या भागातल्या मुलाला पाढ्यांइतकेच आवश्यक मानले पाहिजे.

परसातल्या पाहुण्यांचा नियम सोपा आहे. त्यांना यायला वाट ठेवावी आणि जायला पण ठेवावी. चंद्रपूरचा उन्हाळा देशात बदनाम आहे, मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे इथे नवे नाही. अशा दिवसांत सावलीत ठेवलेले उथळ मातीचे भांडे आणि रोज बदललेले पाणी एवढ्यावर परस गजबजते. चिमण्यांसाठी नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी सुरू केलेली चळवळ जगभर गेली आणि २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. पण चिमणीला दिवसापेक्षा भिंतीतला कोनाडा आणि कौलाखालची फट जास्त उपयोगाची. सिमेंटच्या घरात नेमकी तीच नाहीशी झाली. लाकडी खोका टांगून आपण तिला तिची हक्काची खोली परत देतो, उपकार करत नाही.

याउलट पोपट. अजूनही कितीतरी सज्जन घरांत पिंजऱ्यातला मिठू असतो आणि तो 'राम राम' म्हणतो याचे कौतुक होते. देशी पोपट पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे त्या सज्जनांना ठाऊक नसते. बाजारात आलेला पोपट ढोलीतून पिल्लू असताना काढलेला असतो, आणि एक जगावा म्हणून वाटेत किती मेले याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ज्याचे सुख उडण्यात आहे त्याला घरात कोंडून आपण जे अनुभवतो, त्याला प्राणिप्रेम म्हणणे कठीण आहे.

कायद्याची एक गंमत सांगतो. याच कायद्यात 'उपद्रवी' प्राण्यांची एक वेगळी यादी होती आणि तीत आपला कावळा होता. पितृपक्षात ज्याची आपण हात जोडून वाट पाहतो, तो सरकारदरबारी उपद्रवी. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. ही दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून अमलात आली. माणसाच्या सोयीने प्राण्याचे नाव कसे बदलते, याचा हा छोटा नमुना.

रानाची वेस

परसाच्या पलीकडे रान सुरू होते आणि तिथे मायेची रीत बदलते. गोंड आणि माडिया समाजात कुळांना आपापली कुळचिन्हे असतात. कोणाचे झाड, कोणाचे कासव. ज्याचे ते चिन्ह, तो त्याला इजा करत नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. प्रत्येकाने सगळ्या सृष्टीवर प्रेम करावे, असा अवघड उपदेश त्यात नाही. प्रत्येक कुळाने एकाला जपावे, म्हणजे सगळ्यांत मिळून बरेच जपले जाते.

आष्टीचा पूल ओलांडून आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या वाटेवर हेमलकसा लागते. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो चालवला. शिकारीत मारल्या गेलेल्या माकडिणीला बिलगलेले पिल्लू डॉक्टरांनी मागून घेतले, तिथून प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात झाली. पुढे अस्वले, बिबटे, हरणे येत गेली. बिबट्याशी खेळणाऱ्या डॉक्टरांचे छायाचित्र महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचले आहे. ते छायाचित्र पाहून आपणही रानातले पिल्लू उचलून आणावे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने त्या चित्राचा अर्थ उलटा लावला. ती पिल्ले अनाथ होती आणि रानात परत जगणे त्यांच्या नशिबी नव्हते. शिकार करणारे लोक क्रूर नव्हते, भुकेले होते. माणसांची भूक आणि आजार यांवर उपाय होत गेला, तसे प्राणीही वाचू लागले. हेमलकशाचा खरा धडा माणसाच्या पोटाविषयी आहे.

मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी आणि लेखक जून २०२५ मध्ये गेले. जन्म सोलापूरचा, पण आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी विदर्भाच्या जंगलांत घालवली आणि मराठी वाचकाला रानाची भाषा दिली. त्यांच्या लेखनातले जे मला नेहमी मोलाचे वाटत आले ते असे, की रानातल्या माणसाच्या ज्ञानाला त्यांनी कधी कमी लेखले नाही. आज वाघाची छायाचित्रे लाखोंनी निघतात. पण वानर कोणत्या स्वरात ओरडले म्हणजे वाघ जवळ आहे, हे सांगणारा गुराखी त्या चित्रांत कुठे दिसत नाही.

रानाच्या वेशीचा नियम हा, की तिथे आपण पाहुणे. माकडाला बिस्कीट देणे, हरणासाठी गाडीतून उतरणे, अस्वलाच्या पिल्लाजवळ जाणे, हे सगळे माया म्हणून केले तरी शेवटी प्राण्याच्या आणि गावाच्या अंगाशी येते. माणसाच्या हातचे खाणे लागलेले माकड पुढे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरते आणि मार खाते. अंतर राखणे हाही प्रेमाचाच एक प्रकार आहे.

बिल कोण भरतो?

आता हिशेबाकडे येतो. बँकवाल्याची सवय जात नाही.

व्याघ्रगणनेनुसार महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३ वाघ होते. २०१० मध्ये १६९, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. सोळा वर्षांत चौपटीहून अधिक. हे मोठे यश आहे आणि ते वनखात्याइतकेच इथल्या गावांचे आहे. कारण ४४४ चा मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे आणि ताडोबा-अंधारीचे १,७२७ चौरस किलोमीटर भरल्यावर उरलेला वाघ राजुरा, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, गोंडपिपरी अशा तालुक्यांतच येणार. शेजारच्या राजुऱ्यात २०२० च्या ऑक्टोबरात एक नरभक्षक वाघ पकडेपर्यंत लोकांनी काय सोसले, ते जुने झालेले नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या. मोह वेचणारी, तेंदू तोडणारी, धान कापणारी बाई वाकून काम करते. वाकलेले माणूस वाघाला चार पायांचे सावज वाटते, असे जाणकार सांगतात. म्हणजे हंगाम आणि मृत्यू इथे हातात हात घालून येतात.

माणूस गेल्यास २०२३ पासून राज्य शासन वारसांना २५ लाख रुपये देते. त्यातला एक भाग लगेच आणि उरलेला मुदत ठेवीत. ठेवीची ही कल्पना मला रास्त वाटते, पैसा एका वर्षात उधळला जात नाही. जनावराचे गणित मात्र वेगळे आहे. बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरवलेली कमाल रक्कम, यांतली जी कमी असेल ती. म्हणजे वाघ जगावा ही इच्छा साऱ्या देशाची आणि त्याने खाल्लेल्या बैलातला निदान चौथा हिस्सा मालकाचा! कोणत्याही बँकेत असा करार कोणी सही केला नसता.

आणि पुराव्याची अडचण वेगळीच. आमच्या वेळी विम्याच्या दाव्यासाठी मेलेल्या जनावराचा कान बिल्ल्यासकट दाखवावा लागे. शेळी वाघाने ओढत नेलेली, तिचा कान आणायला जंगलात जाणार कोण? कागद पूर्ण होईपर्यंत कर्जावर व्याज चढत असे. आजच्या पंचनाम्यांना मोबाइलच्या छायाचित्रांची मदत आहे, पण तो वेळेत होणे हे अजूनही त्या त्या वनरक्षकावर आणि त्याच्याकडे असलेल्या गावांच्या संख्येवर अवलंबून असते.

ज्यांची भरपाई कोणत्याच नियमात बसत नाही, त्या गोष्टी आणखी वेगळ्या. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी रात्रभरची जागल. संध्याकाळी पाचनंतर ओस पडणारा रस्ता. शाळेत न पाठवलेली मुलगी. या धास्तीतूनच कोणी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतो. त्यात डुक्कर मरते, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो आणि कधी तार लावणाराच.

उपाय नाहीत असे नाही. झटका देऊन परतवणारे पण जीव न घेणारे सौर कुंपण अनुदानातून मिळते. ते गटाने लावले तर टिकते, एकट्याने लावले तर डुक्कर शेजाऱ्याकडे जाते एवढेच. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावात कॅमेरे आणि संगणकाच्या मदतीने वाघ वेशीवर आल्याची सूचना गावाला देण्याचा प्रयोग झाला. मे २०२३ मध्ये चंद्रपूरकडच्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. अशाने गर्दी थोडी हलते, पण वाटांवरचे जंगल शाबूत नसेल तर वाघ पुन्हा बांधीतच येईल.

माझ्या मते खरी उणीव वाटणीत आहे. ताडोबाच्या दारातल्या गावांना पर्यटनातून मार्गदर्शकाची, वाहनचालकाची, खोल्या भाड्याने देण्याची मिळकत होते आणि त्या गावांत वाघाविषयी बोलण्याचा सूर वेगळा असतो, तो आपोआप नाही. गोंडपिपरीच्या वाट्याला तोच वाघ येतो, पर्यटक येत नाही. जिथे उत्पन्न आहे तिथून जिथे नुकसान आहे तिथे पैसा वळवणे, यात कसलीही दया नाही. एका शाखेचा नफा दुसऱ्या शाखेच्या तोट्याला आधार देतो, म्हणून तर बँक चालते. ताडोबाच्या प्रवेशशुल्कातला काही भाग राखीव क्षेत्राबाहेरच्या बाधित तालुक्यांसाठी बाजूला काढावा, जनावराची भरपाई पूर्ण बाजारभावाने आणि ठरल्या मुदतीत व्हावी, आणि कन्हारगावात जे काही पर्यटन होईल ते पहिल्यापासून स्थानिक तरुणांच्या हाती असावे. या तीन गोष्टींना नवे विज्ञान लागत नाही.

पाहुण्याने काय करावे?

सुटीत जंगलात जाणाऱ्या वाचकाला मी जाऊ नका म्हणणार नाही. जरूर जावे. मुलांना न्यावे. फक्त वाघ दिसला की नाही एवढ्यावर सहलीचे मोजमाप करू नये. पहाटे ढोलीतून डोकावणारा पिंगळा, तळ्यावर पंख वाळवणारा पाणकावळा, सकाळी वाटेवर उमटलेले सांबराचे खूर, यांच्यासाठी तिकीट लागत नाही. अंगणात पाण्याचे भांडे ठेवावे, पिंजऱ्यातला पोपट विकत घेऊ नये, घरच्या कुत्र्याला वेळेवर लस द्यावी. आणि शक्य तर मुक्काम एखाद्या गावातल्या घरी करावा. तिथे जेवणाचे पैसे देताना यजमानाच्या गोठ्यात किती जनावरे आहेत आणि गेल्या वर्षी किती होती, हेही विचारावे.

मार्च उजाडला की गोंडपिपरीच्या रानात मोह फुलतो. पहाटेच्या अंधारात फुले टपटपू लागतात आणि ती खायला अस्वलही येते, वेचायला बायाही येतात. दोघांची घाई एकच, ऊन चढायच्या आत पोट भरण्याची. त्या बायांनी चारचौघींनी मिळून, उजाडल्यावर, सोबतीला प्राथमिक प्रतिसाद दलाचा एखादा तरुण घेऊन जावे, आणि त्या तरुणाचा रोज वेळेवर मिळावा, एवढी व्यवस्था करणे सरकारला आणि समाजाला अवघड नाही. टोपली भरून बाई घरी आली, अस्वलही त्याच्या वाटेने गेले, म्हणजे त्या सकाळचा हिशेब जुळला.